अलॉय हबला चिकटलं! अँटी-सीझ नक्की कुठे लावायचं आणि कुठे नाही?

खारावारा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या शनिवारी कोल्हापूरला निघालो होतो, आई आणि मावशी मागे बसलेल्या, साखरपा सोडून आंबा घाट लागला आणि मागचं डावं टायर बसलं. म्हटलं पंधरा मिनिटांचं काम. नट ढिले केले, जॅक लावला, चारही नट काढले, स्टेपनी बाजूला काढून ठेवली आणि चाक काय निघेना. म्हणजे नट माझ्या हातात आणि चाक हबवर (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग), कुणीतरी वेल्डिंग मारून ठेवल्यासारखं. ओढून बघितलं, टायरला लाथा घातल्या, मावशी म्हणाली देवाचं नाव घे, तेही घेतलं. शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे, आणि म्हणाला नट परत लावा पण एकेक फेरा ढिले ठेवा, जॅक उतरवा, गाडी दोन फूट पुढे घ्या, दोन फूट मागे घ्या. तिसऱ्या खेपेला टक्क आवाज आला आणि सुटलं! तो पैसे न घेता गेला, नावही विचारायचं राहिलं.

चाक काढून बघतो तर हबच्या मधल्या उंचवट्याभोवती गंजाचं जाड कडं, आणि अलॉयच्या भोकाच्या आतून पांढरी पूड, खडूच्या भुकटीसारखी. गाडी सात वर्षांची, घर समुद्रापासून चारशे मीटरवर, गाडी बाहेरच उभी असते, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारं वारं.

आता ठरवलंय की पावसाळ्याआधी चारही चाकं काढून काहीतरी लावायचं. पण काय? ऑनलाइन शोधलं तर अँटी-सीझ, म्हणजे जोड चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट, तीही तांब्याचं, अल्युमिनियमचं, निकेलचं, सिरॅमिकचं, कुणी म्हणतं साधं ग्रीस चालतं, कुणी म्हणतं ग्रीस लावलं तर चाक निघून पडेल. आणि डब्बा घेतलाच तर तो ब्रेकच्या पिनांना, प्लगला, बिजागरीला सगळीकडे चालेल का, की प्रत्येकाला वेगळी बाटली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनं_ते_सोनं

आमच्या वडिलांनी फियाट तीस वर्षं चालवली, घरात एक डबा ग्रीस आणि एक बाटली घासलेट, बास. हे अँटीबिंटी सगळं विकायचे धंदे आहेत. ह.घ्या. (हलकं घ्या)

गोटीपाना_१७ (मिरज)

फियाटला लोखंडी रिम होती भावा, लोखंडी हबवर. गंज तिथंही धरायचा पण दोन लाथांत सुटायचं. ह्यांचं अलॉय म्हणजे अल्युमिनियम, त्यात खारं पाणी. लोखंड आणि अल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की बॅटरीच तयार होते, त्यात खाल्लं जातं अल्युमिनियम. ती पांढरी पूड म्हणजे तेच, अल्युमिनियमचा गंज. तो फुगतो, फुगला की भोक आवळतं, म्हणून वेल्डिंग मारल्यासारखं वाटलं.

खारावारा, ट्रकवाल्यानं सांगितलं ते बरोबर. जॅकवर गाडी असताना लाथा घालत बसू नका, जॅक कलंडला की पाय जातो. आणि कुणी गॅसची फ्लेम लावा म्हणलं तर त्याला हाकला, हवा भरलेलं टायर रिमवर असताना गरम करायचं नसतं, फुटतं.

आमच्याकडं गॅरेजला तांब्याचं असतं, वीस-पंचवीस वर्षं तेच वापरतोय, हबला बी आणि स्टडला बी (नट ज्यावर चढतो तो आट्याचा दांडा).

टॉर्ककाका (चिंचवड)

धाग्याचा विषय चांगला आहे. मी निवृत्त माणूस, नोकरीची सगळी वर्षं नट-बोल्ट या एकाच विषयात गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी एक गैरसमज. डब्यावर ११०० डिग्री लिहिलेलं असतं ते वाचून लोकांना वाटतं हे ११०० डिग्रीला टिकणारं ग्रीस आहे. तसं नाही. आतलं तेल दोन-तीनशे डिग्रीच्या पुढे उडून, जळून जातं. मागे राहते ती धातूची बारीक पूड, आणि ती पूड दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटू देत नाही. तो आकडा त्या पुडीचा असतो. अल्युमिनियमवाल्याचा साधारण ८७० पर्यंत, तांब्याचा हजार-अकराशे, निकेलचा तेराशेच्या आसपास. म्हणजे अँटी-सीझ हे मुळात वंगण नाहीच, सहा महिन्यांनी, सहा वर्षांनी उघडायचा जोड उघडावा म्हणून मध्ये घातलेला पडदा आहे. जिथे काही सरकतं, फिरतं तिथे ते घालायचं नाही.

आता गोटीपाना यांच्या 'स्टडला बी' वर माझी हरकत. नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला बहुतेक भाग घर्षणात जातो, दहा टक्क्यांच्या आसपासच स्टड ताणायला उरतो. घर्षण कमी केलं की तेवढ्याच जोरात ताण वाढतो. हिशोब करू: १२ मिमीचा स्टड, १०० न्यूटन-मीटर टॉर्क (पान्याने फिरवण्याचा जोर). कोरड्या आट्यांचा गुणांक ०.२ धरला तर ताण येतो साधारण ४२ किलोन्यूटन. अँटी-सीझ लावून गुणांक ०.१५ झाला तर ५६. म्हणजे पान्यावर तोच आकडा आणि स्टडवर एक तृतीयांश जास्त ओढ. स्टड ८.८ ग्रेडचा असेल तर त्याची प्रूफ मर्यादाच, म्हणजे जिच्यापुढे तो कायमचा ताणला जाऊ शकतो ती, ५१ च्या आसपास आहे. पुस्तिकेतला टॉर्क कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेला असतो, वेगळं लिहिलेलं नसेल तर.

गोटीपाना_१७

काका हिशोब शंभर टक्के बरोबर, पण ज्या पंक्चरच्या दुकानात एअरगननं टर्रर्र करून नट बसवतात तिथं न्यूटन कोण मोजतंय? माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे नट कोरडेच असतात आणि तरी स्टड ताणलेले असतात. मधले आटे बघा, बाहेरच्यापेक्षा जरा लांब लांब दिसतात, नट हातानं अर्धा जातो आणि मग अडतो. तो स्टड गेला समजायचं.

टॉर्ककाका

मग एअरगनचा दोष आहे, त्यावर वंगण ओतणं म्हणजे आगीत तेल.

गोटीपाना_१७

बरं, इतकं मान्य की नटाचा जो तिरका कोन रिमला बसतो तिथं मी कधीच लावत नाही, तो कोरडाच पाहिजे. आट्याला मात्र किनाऱ्यावरच्या गाडीत बोटाला पुसलेलं असेल तेवढं लावतो आणि हाताच्या पान्यानं आवळतो. स्टड तुटून हातात आला की गिऱ्हाईक काकांना फोन करत नाही, मला करतंय.

टॉर्ककाका

थेंबही नको. आटे वायर ब्रशने घासा, फडक्याने पुसा, झालं. असो, आपल्या दोघांचं यावर जमणार नाही.

ठाणेकरीण

पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण माझाही एक किस्सा. दोन वर्षांपूर्वी ब्रेक मारला की गाडी हलकीशी डावीकडे ओढायची आणि पेट्रोल जास्त प्यायची. एका गॅरेजमध्ये (नाव नको) सर्व्हिसिंगला दिली होती त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी सुरू झालं. दुसरीकडे दाखवलं तर पुढच्या उजव्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा चांगला जाड! मिस्त्रीने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दोन पिना बाहेर ओढायला घेतल्या, एक आली आणि दुसरी येईचना, जेव्हा आली तेव्हा तिच्यावरचं रबर शेवग्याच्या शेंगेसारखं फुगलेलं. तो म्हणाला मॅडम कोणीतरी यात बेअरिंगचं ग्रीस भरलंय.

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये उभी राहून विचारते की कुठल्या डब्यातलं लावताय. आधी हसायचे, आता आपणहून डबा दाखवतात.

टॉर्ककाका

ठाणेकरीण यांनी जे लिहिलंय ते सोन्याने मढवून ठेवावं. ब्रेकमधलं रबर ईपीडीएम जातीचं असतं, त्याला ब्रेक ऑइल चालतं पण खनिज तेल अजिबात चालत नाही, ते पिऊन फुगतं. बाजारातलं नेहमीचं पिवळं-लाल एमपी ग्रीस म्हणजे खनिज तेलात लिथियमचा साबण. बेअरिंगसाठी उत्तम. स्लाइड पिनांना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) मात्र सिलिकॉनचं किंवा 'ब्रेक कॅलिपर' असं स्पष्ट लिहिलेलं सिंथेटिक ग्रीसच. आणि तिथे तांब्याचंही नको, कारण पिन सरकणारी वस्तू आहे; तेल उडालं की आत पूड राहते आणि पिन रखडते.

गोटीपाना_१७

ह्यावर काकांचं आणि माझं जमतंय बघा. पॅडचे कान जिथं ब्रॅकेटमध्ये बसतात तिथं आणि पॅडच्या पाठीला सिरॅमिक पेस्ट, तीबी नखाएवढी. डिस्कला बोट लागलं तरी ब्रेक क्लीनर मारून पुसायचं.

नवीनच_गाडी

बाळबोध प्रश्न: डब्ल्यूडी-४० सगळीकडे मारलं तर चालत नाही का? माझ्याकडे मोठा कॅन पडलाय.

टॉर्ककाका

नावातच उत्तर आहे. वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयोग. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने बनवलं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावर गंज चढू नये म्हणून. काम पाणी हटवायचं. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे तेलाचा अगदी पातळ थर राहतो. जाम नट भिजवायला, भिजलेली वायरची जोडणी सुकवायला, स्टिकरचा गोंद काढायला छान. बिजागरीला मारलं तर दोन आठवडे कुरकुर बंद, आणि आतलं जुनं ग्रीस धुऊन गेल्यामुळे तिसऱ्या आठवड्यात दुप्पट.

गोटीपाना_१७

बिजागरीला पांढरं लिथियम स्प्रे. काचेच्या रबराच्या खाचेत सिलिकॉन स्प्रे, तेल नाही, आमच्याकडं एकानं खोबरेल सोडलं होतं, काच दोन महिन्यांत अर्ध्यातच थांबायला लागली, वर मुंग्या. चावीच्या भोकात ग्राफाइटची पूड, ती नसली तर शिसपेन्सिलचं टोक खरवडून चावीला चोळा. बॅटरीच्या टर्मिनलला आधी क्लॅम्प घट्ट करायचा आणि मग वरून वॅसलीन. आधी वॅसलीन लावून मग क्लॅम्प बसवणारे बरेच भेटतात.

लांबचा_पाहुणा (मिशिगन)

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ट्रकच्या मागून फवारा असतो, डिसेंबरात काळी गाडी पांढरी दिसते. म्हणजे रत्नागिरी आमच्या दारात येते असं समजा. वर्षातून दोनदा टायर बदलतो, नोव्हेंबरात थंडीचे चढवायचे आणि एप्रिलमध्ये उतरवायचे, त्यामुळे चाक चिकटणं हा इथला घरोघरीचा विषय आहे. पहिल्याच वर्षी मी चाकाच्या आतल्या बाजूने लाकडाचा ओंडका धरून घणाने ठोकून चाक काढलंय, शेजारी बघायला आला आणि त्यानेच मला अँटी-सीझची बाटली दिली.

माझी पद्धत सांगतो. हबचा मधला उंचवटा आणि त्याच्याभोवतीची सपाट जागा वायर ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, अलॉयच्या भोकाचा आतला काठ हलक्या हाताने. मग पेस्ट फक्त त्या मधल्या उंचवट्यावर, इतकी पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. सपाट जागेवर जाड थर द्यायचा नाही, चाक आणि हब एकमेकांवर दाबून बसायला हवेत, मध्ये लोण्यासारखा थर राहिला तर तो नंतर दबतो आणि नट ढिले पडतात. स्टडला काहीही नाही (सॉरी गोटीपाना). टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायचा पाना) चांदणीच्या आकारात, म्हणजे समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून परत एकदा तपासणे.

तांब्यावर माझा एक आक्षेप आहे. अल्युमिनियमला लोखंडाची सोबत सोसत नाही, तर तांब्याची त्याहून वाईट. मिठाच्या पाण्यात तांबं आणि अल्युमिनियम शेजारी ठेवणं म्हणजे भांडण लावून देणं. त्यामुळे अलॉयला मी अल्युमिनियमवाली चंदेरी किंवा धातूच नसलेली सिरॅमिक पेस्ट वापरतो.

गोटीपाना_१७

तांब्यानं आमच्याकडं तरी अलॉय खाल्लेलं बघितलं नाही, ग्रीस पाणी आत येऊ देत नाही तोवर भांडण लागत नाही. पण आमच्या मिरजेत खारं पाणी कुठलं. किनाऱ्याला सिरॅमिकच घ्या. एबीएसचा सेन्सर (चाकाचा वेग मोजणारा) नकलमध्ये, म्हणजे हब ज्यात बसतो त्या भागात, जाम होतो तिथंबी सिरॅमिकच, धातूची पूड सेन्सरच्या टोकाजवळ नको.

नवीनच_गाडी

आणि स्पार्क प्लग? यूट्यूबवर एक जण ब्रशने रंग दिल्यासारखं फासत होता.

टॉर्ककाका

नको. एनजीकेसारखे प्लगवालेच सांगतात की आमच्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा आहे, वर काही लावू नका. लावलं तर टॉर्क वीस टक्क्यांपर्यंत जास्त बसू शकतो. १४ मिमीचा गॅसकेटवाला प्लग अल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, एवढंच. प्लग तुटला किंवा हेडचे आटे गेले तर मग खर्च विचारू नका. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवा, आणि नवीन प्लग असेल तर तिथून पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेऱ्याच्या आत थांबा. इंजिन थंड हवं. ऑक्सिजन सेन्सरचं (धुराच्या नळीत बसतो तो) उलट आहे, नवीन सेन्सरच्या आट्यांना बहुधा पेस्ट लावूनच येते, ती पुसू नका, आणि सेन्सरच्या आसपास सिलिकॉनचं काही फवारू नका, सिलिकॉनने सेन्सर खराब होतो.

जुनं_ते_सोनं

म्हणजे हिशोब असा की हबला एक, पिनेला दुसरं, बिजागरीला तिसरं, काचेला चौथं, चावीला शिसपेन्सिल आणि प्लगला काहीच नाही. आमच्या वडिलांचा डबा बरा होता.

ठाणेकरीण

बाबांच्या फियाटमध्ये ब्रेकच्या पिना नव्हत्या हो, ड्रम होते.

खारावारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सिरॅमिक पेस्टची छोटी ट्यूब आणि ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस मागवलंय. काका, भाड्याने टॉर्क रेंच कुठे मिळेना म्हणून विकतच घेतला, बायकोला सांगितलंय की ऑफिसचा आहे. स्टडच्या वादात मी काकांच्या बाजूने, गोटीपाना दादा रागावू नका.

गोटीपाना_१७

रागावतोय कशाला. तुटला की फोन करा.

खारावारा
*(ऑक्टोबर)*

धागा वर काढतोय, कारण अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी काम काढलं. एका चाकाला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास नुसता घासण्यात. हबवरचं गंजाचं कडं वायर ब्रशने निघेना, शेवटी जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तेव्हा पापुद्रे सुटले, नारळाच्या करवंटीसारखे वाकडे. अलॉयच्या आतली पांढरी पूड मात्र पॉलिश पेपरने लगेच गेली, खाली बारीक खड्डे दिसले, ते आता तसेच राहणार. पेस्ट खरंच टिकलीएवढीच लागते, मी पहिल्या चाकाला जास्त फासली आणि परत पुसली. नट कोरडे, पुस्तिकेतल्या टॉर्कला, लांज्यापर्यंत जाऊन येऊन परत तपासले, एक नट किंचित फिरला, बाकीचे जागच्या जागी.

तीन चाकं झाली आणि पाऊस आला. वळवाचा होता, पण असा की छत्री उलटली. चौथं, पुढचं उजवं, राहिलं. म्हटलं उद्या करू. तो उद्या काल उगवला.

काल नवरात्रात गाडी धुताना म्हटलं बघू या. लावलेली तिन्ही चाकं नट काढल्यावर दोन हातांनी धरून नुसती हलवली तर बाहेर! पेस्ट अजून ओलसर, राखाडी, आणि गंज फक्त कडेला जिथे माझा हात पोचला नव्हता. स्टडही ठीक, कोरडे ठेवलेले असून नट सहज आले, हे काकांसाठी. एक नट मात्र चांगला कुरकुरत आला, हे गोटीपाना दादांसाठी.

आणि पुढचं उजवं चिकटलंय. जे राहिलं होतं, तेच. आत्ता अंगणात दोन फूट पुढे, दोन फूट मागे चाललंय, आई गॅलरीतून विचारतेय गाडी बिघडली का.

गोटीपाना_१७

नट एकच फेरा ढिले ठेवलेत ना? त्याच्यावर नको. आणि जॅक काढलाय का आधी?